विरजणाची वाटी

वत्सलाआक्कांनी पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि खणाच्या चिंधीत गुंडाळलेल्या चार पाटल्या बाहेर काढून मांडीवर ठेवल्या... तेव्हा कुठं समोर बसलेल्या वामनचा जीव भांड्यात पडला. गुरुवारी घराचा इसार द्यायचा होता आणि या पाटल्यांवाचून तो पुरा होणार नव्हता. पण पाटल्यांवर ठेवलेला हात आक्कांनी काही उचलला नाही.

"पाटल्या तुझ्याच आहेत रे," त्या म्हणाल्या, "पण घर आधी मी बघणार."

झालं! एवढंसं वाक्य, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या असलेल्या कमलेचा चेहरा खर्रकन उतरला. कारण ते घर तिच्या मामांचं होतं. सख्ख्या मामांचं घर, आणि नणंदबाई म्हणतात मी बघितल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत!  पदर सावरून ती आत गेली, आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाजसुद्धा आला नाही.

आता घराची गोष्ट अशी. कमलेचे मामा भास्करराव यांनी शहराच्या दरवाजाबाहेर, कारेलीबागेच्या वाटेला, चार बिऱ्हाडांचं एक दुमजली घर भाड्यानं द्यायला म्हणून बांधलं होतं. दोन बिऱ्हाडं खाली, दोन वर, मधे चौक, चौकात विहीर. धाकट्या लेकीचं लग्न अंगावर आलेलं, म्हणून घर विकायला काढलं, आणि परक्याच्या घशात जाण्यापेक्षा जावयाला मिळावं म्हणून वामनला पहिल्यांदा विचारलं. वामन हुजूर कचेरीत कारकून. कागद समोर आला की या माणसाच्या अंगात वारं शिरायचं! जुनं खत त्यानं तीनदा वाचलं, चतुःसीमा नकाशाशी ताडून पाहिल्या, घर कुठं गहाण पडलेलं नाही याची खातरजमा केली, काठी घेऊन भिंती ठोकल्या, वासे ठोकले. रविवारी जाऊन भाडेकऱ्यांनाही भेटून आला. खालच्या बिऱ्हाडातल्या बाईनं गूळपाणी पुढं केलं आणि म्हणाली, असा मालक आणि असं गोड पाणी अख्ख्या बडोद्यात मिळायचं नाही. वामननं पाणी पिऊन पाहिलं, खरंच गोड होतं. कागद चोख, बिऱ्हाडं भरलेली, पाणी गोड. पुरुषमाणसानं याहून जास्त काय बघायचं असतं?

आणि आक्का? आक्का म्हणजे वामनची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि माहेरी परत आली. दोन वर्षांत पटकीच्या साथीत आईवडील एकाच आठवड्यात गेले, आणि पाच वर्षांचा वामन आक्कांच्या पदरात पडला. लोकांचे पापड लाटले, कुरडया घातल्या, सोवळ्यात राहून रावपुऱ्यातल्या चार घरचा स्वयंपाक केला, सहा पाटल्यांतल्या दोन विकून त्याला शिकवला. उरलेल्या चार कधी हातात घालायच्या नव्हत्याच. अंगावर विधवेचं आलवण आलं त्या दिवशीच सोन्याचा आणि त्यांचा संबंध संपला होता. पण त्या चार पाटल्या म्हणजे वामनचं पुढचं आयुष्य, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग त्या कशावर जातात हे बघायला नको?

दुसऱ्या दिवशी दुपारी वामन टांगा घेऊन आला. कमला घरीच राहिली. तिला सातवा लागला होता. याआधी दोन वेळा आशा लागून मोडली होती, आणि या खेपेला वैद्यबुवांनी सगळ्यांच्या देखत बजावलं होतं की पोरीच्या मनाला धक्का लागता कामा नये, औषधाहून ते मोठं. आक्का निघताना त्यांच्या हातात एक रिकामी पितळी वाटी होती. वामननं विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, विरजण संपलंय, तिथं कुणाकडं तरी मिळेल.

वामन हसला. बायकांचं आपलं काहीतरी! पण मी सांगते, त्या वाटीत कचेरीतल्या सगळ्या दप्तरापेक्षा जास्त अक्कल होती. हळदीकुंकवाला विधवेला कोण बोलावतंय? कुणाच्या घरात शिरायचं तर काहीतरी निमित्त हवं. आणि विरजणासारखं निमित्त नाही. जात विचारावी लागत नाही, ओळख लागत नाही, आणि दिवेलागणीच्या आत कुणी मागायला आलं तर कुठलीही घरवाली नाही म्हणत नाही. जिथं चूल पेटते तिथं चमचाभर विरजण असतंच.

भास्करराव दाराशी हजर होते. आक्कांनी त्यांना आणि वामनला बाहेर निंबाखाली बोलत ठेवलं आणि आपण वाटी घेऊन आत गेल्या.

पहिल्या बिऱ्हाडातली बाई, तीच ती गूळपाणीवाली, वाटीकडे बघून गडबडली. कालच संपलं हो, म्हणाली. आक्का बरं म्हणाल्या, पण जाता जाता चुलीकडे नजर टाकली. चूल शेणानं छान सारवलेली, आणि वरचं छत मात्र चुन्यासारखं पांढरं. काजळीचा ठिपका नाही! दुसऱ्या बिऱ्हाडात सांगितलं, आमच्यात दही खात नाहीत. बडोद्यात राहून दही खात नाहीत! वर तिसऱ्या बिऱ्हाडात दोन कळश्या, एक वळकटी आणि कोपऱ्यात बसलेली एक बाई. ना मिसळणाचा डबा, ना पाटावरवंटा, ना दोरीवर वाळणारं फडकं. 

चौथ्या बिऱ्हाडात एक म्हातारी गुजराती बाई एकटीच राहत होती. रंभाबेन तिचं नाव. "मेळवण आहे का बेन?" आक्कांनी तिच्या भाषेतला विरजणाचा शब्द वापरून विचारलं. "ल्यो ने, बेन," असं म्हणून तिनं घट्ट दह्याचा गोळा वाटीत घातला, आणि मग आक्कांचं आलवण, आक्कांचे डोळे बघून तिला काय वाटलं कोण जाणे... दार लोटून घेऊन ती हळूच बोलली.

"दाळ चडती नथी, बेन."

डाळ शिजत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीचं पाणी फिरलं. तीन-तीन तास लाकडं जाळा, तूरडाळ आपली टणटणीत. खरे भाडेकरू एकामागून एक गेले. आजव्याच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आलं होतं, पण तो नळ या वाटेला अजून फिरकला नव्हता, आणि कधी फिरकेल हे सरकारलाच माहीत. रंभाबेन आपली राहिली, कारण तिला जायला दुसरी जागा नव्हती आणि रोटला-छाशीवर, म्हणजे भाकरी-ताकावर, तिचं भागत होतं. खालच्या-वरच्या या बायका गेल्या शुक्रवारी बैलगाडीतून भांड्यांसकट आल्या होत्या, आणि रोज सकाळी त्यांच्यासाठी गोड्या पाण्याची घागर मालकाच्या घरून यायची. इसार झाला की त्या परत जाणार. एवढं सांगून म्हातारीनं हात जोडले. माझं नाव घेऊ नका, मला रस्त्यावर काढतील.

परतताना टांग्यात आक्का वाटी मांडीवर धरून बसल्या होत्या. वामन उत्साहानं विचारत होता, झालं ना समाधान? आणि आक्कांच्या मनात नुसतं काहूर! सांगितलं तर वामन वाचतो, पण कमला? आईबापाविना पोर. याच मामांनी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली, न्हाऊमाखू घातलं, लग्न करून दिलं. त्या मामांनी तिच्याच नवऱ्याला फसवायला भाडोत्री बायका आणून बसवल्या, हे तिनं सातव्या महिन्यात ऐकायचं? नुसतं पाणी जड आहे म्हणावं, तर वामन कागदातला किडा. लगेच जाऊन त्या बायकांना साक्षीला उभं करील आणि नको तेच बाहेर येईल. घर तर घेऊ द्यायचं नाही, आणि का ते सांगायचंही नाही. मग राहिलं काय? राहिल्या फक्त स्वतः आक्का. सगळा दोष आपल्या शिरावर घ्यायचा, आणि तो घ्यायची त्यांना लहानपणापासूनची सवय होती.

घरी आल्यावर हातपाय धुऊन त्यांनी पेटीला कुलूप घातलं.

"वामन, पाटल्या मी देणार नाही. मला काशीला जायचंय. तिथंच राहायचंय."

वामनला आधी थट्टाच वाटली. इतक्या वर्षांत आक्कांनी काशीचं नाव काढलं नव्हतं. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आक्कांना पाच वर्षांचा वामन दिसला, आई उठत का नाही असं विचारणारा... त्यांनी तोंड फिरवलं. कमला तेवढं म्हणाली, "माझ्या मामांचं घर म्हणूनच नको ना, वन्सं?" आणि उत्तराची वाट न बघता रडत आत गेली. आक्कांना वाटलं, धावत जावं, पोटाशी धरावं, सांगावं की अगं वेडे, तुझ्यासाठीच गं! पण त्या तशाच बसून राहिल्या आणि संध्याकाळी त्याच वाटीतल्या दह्यानं दूध विरजलं.

बुधवारी दुपारी त्या एकट्याच भास्कररावांकडे गेल्या. मामी माजघरात होत्या. ओसरीवर भास्करराव एकटे बघून आक्कांनी दह्याची वाटी त्यांच्यापुढं ठेवली.

"हे चौथ्या बिऱ्हाडातलं. बाकीच्या तिघींकडं नव्हतं."

भास्कररावांनी वाटीकडे पाहिलं आणि त्यांची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. आक्का मनाला लागेल असा एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की यापुढं कुठल्याही गिऱ्हाइकाला अशी बिऱ्हाडं भरून दाखवायची नाहीत, त्या म्हातारीला घराबाहेर काढायचं नाही, आणि कमलेला जन्मात हे कळू द्यायचं नाही. भास्कररावांनी देवघराकडे हात करून शपथ घेतली. लेकीच्या लग्नाच्या काळजीनं माझी बुद्धी फिरली हो, असं ते पुटपुटले. आक्कांनी वाटी उचलली आणि त्या घरी आल्या.

त्यांना वाटलं होतं, काशीची गोष्ट चार दिवसांत विरेल. पण माणूस दुखावला की शहाणा राहतो थोडाच! वामननं विठ्ठलमंदिरात चौकशी केली. एक मंडळी काशीला निघाली होती, त्यात दोघी-तिघी काशीवासाला जाणाऱ्या विधवा होत्या. त्यांच्यात त्यानं आक्कांचं नाव घातलं, तिकिटाची सोय केली, आणि घरी येऊन भिंतीशी बोलावं तसं सांगितलं की डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी दाराशी येईल.  आक्का बरं म्हणाल्या. खोटं बोलायला एक क्षण लागला, आता ते खोटं हाताला धरून त्यांना स्टेशनावर नेणार होतं. आणि नाही म्हणायची सोयच नव्हती... नाही म्हटलं तर लगेच प्रश्न येणार, मग पाटल्या का नाही दिल्या?

ते तीन आठवडे त्या घरात कसे गेले ते त्यांचं त्यांना ठाऊक. वामन ताटावर बसायचा, जेवायचा, उठायचा. आमटीला मीठ कमी झालं तरी बोलायचा नाही. कमला नेमानं सगळं करायची, पण पूर्वी दुपारी आक्कांच्या शेजारी पाय पसरून बसायची आणि बाळाला काय काय शिवायचं ते बोलायची, ते बंद झालं. आक्कांनी एकटीनंच दुपटी शिवली. सहा दुपटी, चार टोपडी, जुन्या मऊ लुगड्याची लंगोटं, सगळी घडी घालून कमलेच्या फडताळात मागच्या बाजूला ठेवली, म्हणजे आपण गेल्यावरच हाताला लागतील.

डोहाळजेवण मामांकडे होतं. विधवेला तिथं काय काम! आक्का घरीच राहिल्या. दोन लुगडी, एक तांब्या, तुळशीची माळ, एवढंच गाठोडं बांधायचं, पण ते बांधायला त्यांना सगळी दुपार लागली. प्रत्येक गाठ सुटायची. घराचा कोपरान् कोपरा डोळ्यांत भरून घेत होत्या... वामन ज्याच्या उजेडात शिकला त्या कंदिलाचा खिळा, कमलेनं माप ओलांडलं तो उंबरा. मग विरजणाची वाटी बाहेरून पुसून चुलीजवळ ठेवली, आणि कमलेला सांगायच्या गोष्टी मनात घोकत बसल्या. दूध कोमट असतानाच विरजायचं, गरम असताना नाही.

तिन्हीसांजेला दाराशी टांगा थांबला. त्यांना वाटलं होतं तासभर तरी उशीर होईल. कमला आत आली, अंगावर फुलांची वाडी तशीच, डोळे सुजलेले. मागून वामन. तो सरळ येऊन आक्कांच्या पुढं खाली बसला.

"काय रे? काय झालं? कमला ठीक आहे ना?" आक्का घाबरल्या.

मग त्यानं सांगितलं. पंगत बसली, आणि जिलबी वाढायला जी बाई आली ती कारेलीबागेच्या घरातली, गूळपाणी देणारी. मामांची आचारीण! मामांना वाटलं तीन आठवड्यांत जावई तोंडवळा विसरला असेल. वामननं सहज विचारलं, तुमचं बिऱ्हाड दरवाजाबाहेर ना? तिच्या हातातलं ताट खाली पडलं. मामा ओढून बाजूला घेऊन काही सारवासारव करणार, तोच कुणीतरी म्हणालं की यांच्या आक्का उद्या कायमच्या काशीला जाताहेत. ते ऐकल्यावर मामांचा धीर सुटला. शपथ मोडली, आणि कमलेच्या देखत, तिच्या मामीच्या देखत, हात जोडून सगळं सांगितलं. वाटीसकट.

आक्का ताडकन उठल्या. "तिच्या देखत? अरे, तिची ही अवस्था... कमला, बस बाई, आडवी हो, पाणी देऊ का?"

कमला हलली नाही. "वन्सं, मला वाईट वाटलं. मी रडले. मग मामीनं घास भरवला, आणि मी जेवले. पोटातलं बाळ ठीक आहे. पण तुम्ही मला इतकी कच्ची समजलात?" ती एक पाऊल पुढं आली. "मामांची चूक सोसायची ताकद आहे माझ्यात. मी तुम्हाला घालवलं असतं, आणि पुढं कधी हे कळलं असतं, ते मला सोसलं असतं का?"

 जन्मभर सगळ्यांना जपत आलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं की जपताना माणसाला विचारावं लागतं.

वामननं खुंटीवरच्या कोटातून एक घडी घातलेला कागद काढला. खरेदीखताचा मसुदा. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला, गेले तीन आठवडे खिशातच होता. आक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच वाचून दाखवलं. वरच्या मजल्यावरचं पुढचं बिऱ्हाड वत्सलाबाई हयात असेतो त्यांच्या मालकीचं, त्याचं भाडं त्यांचं, त्यात कुणाला बोलायचा अधिकार नाही.

"मी नसलो तरी तुला कुणाच्या तोंडाकडं बघायला लागू नये, म्हणून घर घ्यायचं होतं गं," तो म्हणाला. "आणि तू काशी काढलीस... आक्का, मला वाटलं तुला आमचा कंटाळा आला."

इतका वेळ धरून ठेवलेलं आक्कांचं रडू तेव्हा फुटलं. सोळाव्या वर्षी रडून घेतलं होतं तेवढंच, त्यानंतर त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या. वामननं लहानपणी टेकायचा तसं त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकलं, आणि त्यांचा हात आपोआप त्याच्या पाठीवरून फिरू लागला. तुझा कंटाळा? मेल्या, तुला कळतं का तू काय बोलतोस! असं काहीबाही त्या म्हणत होत्या, आणि कमला दोघांकडे बघत फुलांच्या वाडीसकट तिथंच जमिनीवर बसली होती.

आक्कांनी पदरानं डोळे पुसले. भास्कररावांवर राग धरू नका, त्यांनी सांगितलं. ज्यानं भर पंगतीत हात जोडले त्याला आणखी काय शिक्षा करायची. त्यांच्या लेकीच्या लग्नात पापड-कुरडया आपल्याकडून जातील. वामन मुकाट्यानं हो म्हणाला. पाटल्यांचं मात्र ठरलं. दुसरं घर घ्यायचंच, पण यापुढं खत वाचायच्या आधी तिथल्या पाण्यात डाळ शिजवून बघायची, हा आक्कांचा कायदा. वामननं तो मान्य केला. छताची काजळी तपासायचं कलमही घालतो, म्हणाला. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं!

मग आक्कांना गाठोडं आठवलं. तिकीट निघालं होतं, मंडळी खोळंबणार, देवाच्या नावानं निघून माघार घ्यायची म्हणजे... त्या चुलीजवळ गेल्या आणि वाटी उचलून कमलेपुढं धरली. "हे विरजण तू सांभाळ. मी काशीचं नाव घेतलंय, गेलं तर पाहिजे."

कमलेनं देवापुढं नुकत्याच लावलेल्या समईकडे बोट केलं. "दिवेलागण झाली, वन्सं. आता विरजण एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही. तुम्हीच सांगितलंय ना? तुम्हीच लावा." आणि तिनं कोमट दुधाचं पातेलं त्यांच्यासमोर आणून ठेवलं.

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं. वाटीतलं बोटभर दही दुधात सोडलं, हलक्या हातानं ढवळलं आणि वर झाकण घातलं.

पहाटे यात्रेची गाडी दाराशी आली आणि कुणीतरी हाक मारली, आक्का, चला, उशीर होतोय. वामन बाहेर गेला. आमची आक्का येत नाही, त्यानं सांगितलं, तिची काशी घरीच आहे, तिच्या नावानं एवढा नारळ तेवढा विश्वनाथाला वाहा. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन थांबला. स्वयंपाकघरात आक्कांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि कमलेला जवळ बोलावून दाखवलं. दही सुरेख लागलं होतं.